सेल्फ उचलत नाही

कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात विजेचा तुटवडा आहे असं म्हणायची सोय नाही. काळी नदीवरचं सुपा धरण आमच्याच तालुक्यात, उंची 101 मीटर. पायथ्याच्या वीजघरात 50 मेगावॅटचे दोन संच. तिथून सुटलेलं पाणी पुढे नागझरीला पुन्हा वीज करतं, कोडसळ्ळीला करतं, कद्र्याला करतं. अणशी घाट उतरलात की त्याच कद्र्याच्या पाण्याकाठी कैगाचं अणुवीज केंद्र. एका नदीने जन्मात किती कामं करावीत, याला काही मर्यादा! आणि या सगळ्या मेगावॅटांच्या ऐन मध्यात, गणेशगुडीच्या वळणावर, बॉनेट उघडून एक जुनी जीप उभी असते. तिला हवे असतात फक्त 12 व्होल्ट. ते मिळत नसतात.

जीप म्हटल्यावर पर्यटकांना मिरवायला ठेवलेली, मोठमोठ्या टायरांची, कपाळावर दिव्यांची माळ बांधलेली जीप डोळ्यांपुढे आणू नका. ती जात वेगळी. मी म्हणतो ती जीप कुंभारवाड्याची माणसं, भाताची पोती, लग्नाचं वऱ्हाड आणि बँकेत वारसाची सही करायला निघालेले आजोबा यांना एकाच खेपेत आणते. तिचे मूळचे भाग आता फारसे उरलेले नाहीत. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, आणि हॉर्न कुठल्याशा लक्झरी बसचा. मूळची राहिली आहे ती एकच गोष्ट: बॅटरीपासून सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरपर्यंत, जाणारी जाड वायर. सगळं बदललं, ती कुणी बदलली नाही. चालतेय ना, मग कशाला?

आजार नेहमी एकच. ड्रायव्हर चावी फिरवतो. आतून ‘टक्’ असा आवाज येतो. पुन्हा फिरवतो. पुन्हा ‘टक्’. त्यापुढे काही नाही. दिवे मात्र लख्ख लागतात, हॉर्न अख्ख्या जगलबेटला ऐकू जाईल असा वाजतो, टेपवर भजन चालू असतं. म्हणजे गाडीत प्राण आहे, फक्त काम करायची इच्छा नाही. अशी माणसं आपण कचेऱ्यांतून पाहिलेली असल्यामुळे पहिली पाच मिनिटं कुणाला आश्चर्य वाटत नाही.

मग समिती जमते. रानात मैलभर माणूस दिसत नसला तरी बॉनेट उघडल्याबरोबर माणसं उगवतात. अळंब्यांना निदान पाऊस तरी लागतो. समितीत एक निवृत्त बस ड्रायव्हर असतोच, एक दुबईहून परतलेला असतो, आणि एक असा असतो की ज्याने आयुष्यात सायकलदेखील दुरुस्त केलेली नाही. निकाल तोच देतो.

“बॅटरी गेली की रे तुझी.”

“गेल्या गणपतीलाच नवी घातलीय, मामा.”

“मग सेल्फ गेला.”

“सेल्फ आत्ताच भरून आणलाय बेळगावहून.”

“मग बॅटरीच. नव्या बॅटऱ्या हल्ली तशाच येतात.”

या संवादाला पुढे अंत नाही. बॅटरी आणि सेल्फ या दोन टोकांमध्ये तो झोके घेत राहतो. त्या दोघांना जोडणारी हातभर लांबीची वायर सगळ्यांच्या नाकासमोर असते, तिच्या टोकाला हिरवी-निळी बुरशी धरलेली असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. महाग वस्तूवर आळ घेतला की माणसाला जाणकार झाल्यासारखं वाटतं. दहा रुपयांच्या नटबोल्टावर आळ घेऊन चारचौघांत मान कशी मिळणार?

आता यातलं शास्त्र थोडक्यात सांगतो; कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण तो सोडणाऱ्यांच्याच गाड्या बंद पडतात असा माझा अनुभव आहे. जीपच्या पुढच्या दोन दिव्यांना मिळून लागतात साधारण 10 अँपिअर. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला लागतात 200, कधी त्याहून जास्त, कारण डिझेल पेटतं ते नुसत्या दाबाने. आतली हवा अठरा-वीस पट दाबायची म्हणजे जोर हवा. समजा वायरीच्या टोकाला जो लग, म्हणजे बोल्टात अडकवायची कडी, आहे, तिथे गंज चढून एक शतांश ओहमचा अडथळा झाला. दिव्याच्या 10 अँपिअरला तिथे फक्त 0.1 व्होल्टची जकात पडते. दिवा म्हणतो, ठीक आहे, देऊन टाकू. पण सेल्फचे 200 अँपिअर त्याच नाक्यावरून निघाले की जकात होते 2 व्होल्ट. असे तीन-चार नाके वाटेत असले, तर 12 व्होल्टांतले सेल्फपर्यंत पोचतात जेमतेम चार ते सहा. तो ‘टक्’ करतो आणि बसून राहतो. म्हणून ‘दिवे लागतात, म्हणजे वायर चांगली’ हा युक्तिवाद अगदी निकामी आहे. शिवाय ते गमावलेले 2 व्होल्ट वाया जात नाहीत. त्यांची उष्णता होते, एकेका जोडावर 400 वॅट. बॉनेटखाली इतकी ऊर्जा चहा उकळायच्या कामी येऊ शकली असती. चहा मात्र समितीला ड्रायव्हरच्या खर्चाने टपरीवरचा लागतो.

आणि सगळ्यांत दुर्लक्षित नाका कुठला? निगेटिव्हचा. पॉझिटिव्हची वायर लाल, ती महत्त्वाची दिसते. निगेटिव्हची काळी, ती बॅटरीपासून निघते आणि चॅसीच्या एखाद्या कोपऱ्यात चिखलाखाली बोल्टाने बांधलेली असते. तिला म्हणतात अर्थ. सेल्फमधून गेलेला सगळा करंट याच वाटेने घरी परतायचा असतो. जाताना वाजतगाजत, येताना अंधारात. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिनापासून चॅसीपर्यंत आणखी एक चपटी, विणलेली पट्टी असावी लागते. जुन्या जीपमध्ये ती पट्टी कधीच तुटून गेलेली असते आणि करंट बिचारा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, गिअरच्या दांड्यांतून, मिळेल त्या वाटेने परत येतो. ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते, कधी धूर काढते, आणि समिती म्हणते, “ॲक्सिलरेटर जाम झालाय. ग्रीस घाल.”

तर मग गाडी चालू कशी होते? धक्क्याने. हा इथला राष्ट्रीय खेळ आहे. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा, मागून सहा जणांनी ढकलायचं, वेग आला की क्लच सोडायचा. जुन्या डिझेल इंजिनाला पेटायला विजेची गरजच नसते, त्यामुळे बॅटरी अगदी मेलेली असली तरी ते गुरगुरून जागं होतं. ढकलणाऱ्यांच्या तोंडावर काळा धूर सोडून ते आभार मानतं.

धक्क्याची लाज बाळगायचं कारण नाही. आमच्या तालुक्यात रेल्वेलाही धक्का लागतो. पोर्तुगिजांच्या गोव्याला जोडणारी लाइन 1880च्या दशकात घातली गेली, तिचं सरहद्दीवरचं स्टेशन कॅसलरॉक आमच्याच तालुक्यात आहे. खाली कुळ्यापासून वर कॅसलरॉकपर्यंतचा घाट 37 फुटांना एक फूट चढतो. वर येणाऱ्या जड गाड्यांना मागून ढकलायला वेगळी इंजिनं लावावी लागतात. भारतीय रेल्वे मागून ढकलून चालते ते कुणाला खटकत नाही, दूधसागरचे फोटो काढणारे तर त्याचाही व्हिडिओ करतात. जीपला चार माणसांनी हात लावला की मात्र लोक खिडकीतून हसतात.

धक्क्याचं शास्त्र नीट पाळायचं तर गाडी उतारालाच लावली पाहिजे, आणि जोयड्यात उताराला तोटा नाही. इथे ड्रायव्हरची हुशारी चालवण्यात दिसत नाही, थांबवण्यात दिसते. जातिवंत ड्रायव्हर लग्नघरी पोचला की मांडवाकडे बघत नाही, आधी अंगणाचा कल बघतो. तोंड उताराकडे, मागच्या चाकाखाली दगड. दगड त्याचा ठरलेला असतो. सीटखाली घेऊन फिरतो. मला माहीत असलेल्या एका ड्रायव्हरने मुलीसाठी आलेलं स्थळ पाहून येताना पहिलं मत दिलं, “घर बरं आहे. पण दारात सपाट.”

ज्याला उतार मिळत नाही तो दुसरा मार्ग धरतो: इंजिन बंदच करायचं नाही. दुकानात सामान घ्यायचंय? चालू ठेव. चहा प्यायचाय? चालू ठेव. जेवायचंय? पोराला सीटवर बसव, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायला सांग. डिझेल किती जळतं असं विचारणाऱ्याला उत्तर मिळतं, “धक्का मारायला सहा माणसं तुम्ही देणार काय?” या तत्त्वज्ञानाची थोरवी मला कैगाने पटवली. तिथलं पहिल्या क्रमांकाचं युनिट मे 2016मध्ये सुरू झालं ते 31 डिसेंबर 2018पर्यंत, सलग 962 दिवस, बंदच झालं नाही, आणि त्या वेळी तो जागतिक विक्रम ठरला. देशभर अभिनंदन झालं. आमच्या जीपवाल्यांना मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही. चालू झालेलं इंजिन बंद करू नये, एवढं शहाणपण त्यांच्याकडे आधीपासूनच होतं.

खरी पंचाईत होते ती जंगलात. काळी व्याघ्र प्रकल्पात गाडीतून खाली उतरायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. या रानात वाघ आहेत, अस्वलं आहेत, आणि ज्यासाठी लोक कॅमेरे घेऊन लांबून येतात तो काळा बिबट्याही आहे. गाइड सांगतो, आवाज करू नका, इंजिन बंद करा, समोर हालचाल आहे. इंजिन बंद होतं. सगळे श्वास रोखून बघतात. दहा मिनिटांनी ड्रायव्हर चावी फिरवतो. टक्. त्यानंतर ड्रायव्हर आणि गाइड यांच्यात हळू आवाजात जी चर्चा होते तीत नियम, माणुसकी आणि ढकलण्याची ताकद यांचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न असतो. बिबट्या एरवी दिसायला दुर्मीळ. पण धक्का द्यायला खाली उतरलेल्या प्रत्येकाला तो दिसतो. निदान त्याचे डोळे तरी.

माझा मेहुणा गोव्यात मांडवीच्या काठी शौकीन लोकांच्या बोटी दुरुस्त करतो. जुन्या मोटर यॉट, एकेकाची किंमत आमच्या अख्ख्या गल्लीच्या किमतीइतकी. मला वाटायचं, तिथे तरी हे प्रकार नसतील. तो म्हणाला, “दाजी, तिथे तर जास्त. जीपला निदान उतार आहे. पाण्यात धक्का कोण देणार?”

यॉटचं दुखणं लांबीचं. इंजिनं मागे, बॅटऱ्या भलत्याच कोपऱ्यात, चावी वर चालकाच्या खोलीत. चावीपासून सेल्फपर्यंत जाणारी बारीक वायर अख्ख्या बोटीची प्रदक्षिणा करते. वाटेत तिला ठिकठिकाणी जोड, गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा स्विच, आणि मागच्या तीन मालकांनी आपापल्या अकलेने मारलेल्या टेपा. पूर्ण फेरी करून दमलेला करंट सेल्फपाशी पोचतो तेव्हा त्याच्यात सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला जोडणारा विजेचा स्विच, ओढण्याचंही बळ नसतं. उपाय साधा असतो: इंजिनाजवळ एक रिले बसवायचा, म्हणजे लांबच्या चावीने फक्त रिलेला हाक मारायची आणि जड काम जवळच्या जाड वायरीने करायचं. शिवाय खारी हवा. साधी तांब्याची तार तिथे टिकत नाही; प्लास्टिकच्या आत ती काळी पडत जाते आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून बोटीसाठी कल्हई केलेल्या तारांची वायर वापरतात. आपल्याकडे कल्हई भांड्यांची जवळपास बंद झाली, बोटींची चालू आहे.

यॉटवर दोन इंजिनं, दोन बॅटऱ्या आणि एक स्विच असतो: एका बाजूची बॅटरी मेली तर दुसऱ्या बाजूची उसनी घ्यायची. मेहुण्याच्या मते श्रीमंत माणसाला तो स्विच कुठे आहे ते कधीच माहीत नसतं. तो बॅटरी मेल्यावर नवीन मागवतो, आणि ती आली की पाठोपाठ बिल येतं. पेट्रोल इंजिनाची बोट असेल तर आणखी भानगड. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. म्हणून सेल्फ मारण्याआधी काही मिनिटं पंखा लावून ती बाहेर काढतात. आमच्याकडे मिस्त्री सेल्फच्या दोन बोल्टांना पाना टेकवून ठिणग्यांच्या झाडासह गाडी ‘डायरेक्ट’ करतो, आणि बघणारी पोरं टाळ्या वाजवतात. हाच प्रयोग त्या बोटीत केला तर टाळ्या वाजवायला कुणी राहणार नाही.

गणेशगुडीला राफ्टिंग करणाऱ्या रबरी होड्यांचा मला म्हणूनच हेवा वाटतो. ना इंजिन, ना बॅटरी, ना वायर. वर सुप्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की या निघाल्या. त्यांचा सेल्फ म्हणजे तेच 50-50 मेगावॅटचे संच. उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या जत्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्यांच्या रांगा येतात, त्या बैलांनाही सकाळी चालू व्हायला अर्धा पेंडा पुरतो. रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जीपकडे त्यांतला एखादा बैल जाता जाता मान वळवून बघतो. त्या बघण्यात कुत्सितपणा असतो असं मी म्हणणार नाही, पण तो घाईही करत नाही.

एकेकाळी सेल्फच्या जागी हँडल होतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर केला आणि 1912च्या कॅडिलॅक गाडीत तो आला, त्याआधी बहुतेक सगळी मोटर जात हँडलने फिरायची. उलटा फटका बसला की हँडल मनगट मोडायचं. आमच्याकडे शेतावरच्या डिझेल पंपांनी हँडलची विद्या अगदी अलीकडेपर्यंत जिवंत ठेवली: वॉल्व्ह उचलून धरायचा, गरागरा फिरवायचं, वेग आला की वॉल्व्ह सोडायचा आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला लपेटायचा नाही. जीपच्या सीटखाली अजून एखादं हँडल सापडतं, पण ते आता कुत्री हाकायला आणि टायर बडवून हवा तपासायला.

रामनगरला एक मिस्त्री आहेत. सुपा धरणात गाव बुडालेल्यांपैकी बरेच रामनगरात येऊन वसले, त्यांचं घराणंही त्यातलंच. त्यांच्याकडे समितीचं काही चालत नाही, कारण ते बोलत नाहीत. गाडी आली की म्हणतात, “सेल्फ मार.” ड्रायव्हर चावी फिरवतो, टक् होतं. मग हे बॅटरीच्या दोन्ही टोकांना, सेल्फच्या बोल्टाला आणि अर्थच्या नटाला ओळीने हात लावून बघतात. जिथे हाताला चटका बसतो, तिथे चोर. मीटर त्यांच्याकडे आहे, पण तो गिऱ्हाइकाला पटवायला: एक टोक बॅटरीच्या खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, दुसरं सेल्फच्या बोल्टावर, आणि सेल्फ मारताना काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला की वायर काढायची. मग तेच निगेटिव्हच्या खांबापासून इंजिनाच्या अंगापर्यंत. हिरव्या बुरशीवर ते खायचा सोडा घातलेलं गरम पाणी ओततात, फेस येतो, ॲसिड मरतं. खांब आणि क्लॅम्प पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासतात, घट्ट आवळतात, आणि व्हॅसलीन फासतात ते शेवटी, वरून. आधी फासून मग आवळणाऱ्यांवर त्यांचा राग आहे. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर पानाच वितळेल.

त्यांचा खरा राग मात्र बाजारात मिळणाऱ्या जंपर केबलवर. बाहेरून अजगर, आतून गांडूळ. जाडी सगळी प्लास्टिकची, आत तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चार तारा. दुसऱ्याच्या बॅटरीवरून करंट घ्यायला ती लावली की सेल्फऐवजी तीच तापते. रस्त्यावर जमलेले लोक म्हणतात, बघा, करंट येतोय.

एकदा मी त्यांना म्हटलं, एवढं शेजारी धरण, एवढी वीज, आणि तालुका असा टक्-टक् करत राहतो. ते म्हणाले, “मास्तर, वीजघरातसुद्धा बॅटऱ्यांची खोली असते की. सगळं बंद पडलं तर ते काय धक्क्याने चालू करणार?” खरं आहे. कुठल्याही मोठ्या वीजघरात नियंत्रणासाठी आणि जनरेटरच्या चुंबकाला पहिला जोर देण्यासाठी बॅटऱ्या लागतात. शंभर मेगावॅटचा कारभार असला तरी पहिली हाक त्याच शिशाच्या पेट्यांची. आणि त्या पेट्यांच्या टोकांवर व्हॅसलीन लावणारा कुणीतरी तिथे पगारावर ठेवलेला असणार. जीपला तो नाही, एवढाच फरक.

तेव्हा या दिवाळीत जोयड्याकडे जुनी गाडी घेऊन येणार असाल, तर नव्या बॅटरीवर पैसे घालण्याआधी निगेटिव्हची वायर दोन्ही टोकांनी सोडवून घासून घ्या, आणि इंजिनापासून चॅसीला जाणारी पट्टी आहे की नाही ते खाली वाकून बघा. काम अर्ध्या तासाचं आहे. ते केल्यावरही गाडी उताराला तोंड करूनच लावा.